सगळ्यांचा हात

३ ऑक्टोबर

आज आम्ही पोहोचलो. सामान टेम्पोतून नीट उतरलं, फक्त आरशाला तडा गेला. सासूबाई म्हणाल्या, असू दे, त्यात बघून नटायला आता कोण बसलंय. मग त्या स्वतःच ओशाळल्या आणि आम्ही दोघी हसलो. कित्येक महिन्यांत दोघी एकदम हसलो नव्हतो.

घर छान आहे. कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या बैठ्या खोल्यांच्या ओळीतलं शेवटचं. दोन खोल्या, मागे मोरी, नळाला दिवसभर पाणी. स्वयंपाकाच्या खोलीला मोठी खिडकी आहे. तिच्यातून नदी आणि नव्या पुलाचे खांब दिसतात. सासूबाईंनी सामान सोडायच्या आधी त्या खिडकीला चादर लावली. याच नदीत त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, मार्चमध्ये पडले आणि वाहून गेले. पुलाच्या कामावर सुपरवायझर होते. महिन्यातून एकदा घरी यायचे. कंपनीने पाणबुडे लावले, पण हाती काही लागलं नाही. सासूबाईंचं तेव्हापासून एकच म्हणणं आहे. नखाएवढं का होईना, त्याचं काहीतरी माझ्या हातात द्या, मग मी रडून मोकळी होते. अजून त्या रडलेल्या नाहीत.

कंपनीने मला ह्यांच्या बदल्यात नोकरी दिली आहे, पुलाच्या कामावरच्या प्रयोगशाळेत. मी बीएस्सी आहे हे लग्नानंतर पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलं. शेजारच्यांनी जेवण पाठवलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

टेबलाच्या खणात ही कोरी वही सापडली. ह्यांना रोज फोनवर दिवसभराचं सांगायची सवय होती. ते आता इथे लिहीन.

४ ऑक्टोबर

पहिला दिवस. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची लांब शेड. मधोमध पाण्याचा हौद आणि कोपऱ्यात दाबाचं मशीन, माणसाएवढं उंच. प्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात, कारण पूर्वी ते शाळेत शिकवायचे. त्यांनी मला शाळेतल्यासारखंच समजावून सांगितलं. पुलाचा खांब ओतताना त्याच मालातून वीतभर लांबी-रुंदीचे ठोकळे पाडतात. ते हौदात मुरवतात. मग मशीनच्या दोन पोलादी प्लेटांमध्ये ठेवून फोडतात. किती दाबाला फुटला ते काट्यावर दिसतं, आणि त्यावरून खांब किती भार सोसेल ते कळतं. कामावर सगळे त्याला क्यूब म्हणतात. आमचे हे मात्र ठोकळाच म्हणायचे.

दुपारी तीन मोठी माणसं खास मला भेटायला आली. दोघे कंत्राटदार. एकाला सगळे थोरले म्हणतात, दुसऱ्याला धाकटे. भाऊ नाहीत, दोन वेगळ्या कंपन्यांचे मालक आहेत. पेपरात एकमेकांवर इतके घसरतात की मला वाटायचं, समोरासमोर आले तर मारामारी होईल. इथे तर धाकट्यांनी थोरल्यांच्या चहात साखर घालून ढवळून दिली. तिसरे सरकारी खात्याचे साहेब, ज्यांच्या सहीने काम पास होतं. तिघेही मला वहिनी म्हणत होते.

मग एक गमतीचा कार्यक्रम झाला. यांच्यात रिवाज आहे म्हणे. कोणतंही काम एकट्याने करायचं नाही, सुरुवातीला सगळ्यांचा हात लागला पाहिजे. मशीनमध्ये एक ठोकळा आधीच ठेवलेला होता. थोरले म्हणाले, "हात लावा, वहिनी. आता तुम्ही घरच्या."

मी मशीनच्या दांड्यावर हात ठेवला. माझ्या हातावर मास्तरांनी, त्यावर धाकट्यांनी, मग साहेबांनी, सगळ्यांत वर थोरल्यांनी. दांडा खाली गेला. ठोकळा फुटला. मला वाटलं होतं धडाम आवाज होईल, पण तो उसासा टाकल्यासारखा फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या डोळ्यांत तर पाणी आलं. धाकट्यांनी स्वतः झाडू घेऊन चुरा गोळा केला आणि पिशवीत भरून नेला. एवढा मोठा माणूस झाडू मारतोय हे मी घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, बायकोने बघितलं तर रोज मारायला लावेल.

११ ऑक्टोबर

कामावर हात बसला आहे. ठोकळा हौदातून काढायचा, पुसायचा, वजन करायचं, मशीनमध्ये मधोमध ठेवायचा. अडचण एवढीच की सगळे ठोकळे एकाच आकड्याला फुटतात. कुठल्याही खांबाचा असो, काटा तिथेच जाऊन थांबतो. मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, शेडच्या मागे या.

मागे एक छोटा मिक्सर आहे. तिथे भरपूर सिमेंट घालून दाखवायचे ठोकळे पाडतात. पुलात जाणारा माल वेगळा. मास्तरांनी हे लपवलं नाही. वर्गातल्या नव्या मुलीला शाळेचे नियम सांगावेत तसं सांगितलं. टेंडर निघायच्या आधीच नंबर ठरलेला असतो. हे काम थोरल्यांचं, म्हणून धाकट्यांनी मुद्दाम चढा भाव भरला. त्या बदल्यात रेती धाकट्यांची. पुढचं धरण धाकट्यांचं. साहेबांचा वाटा दोन्हीकडे. कुणी कुणाविरुद्ध बोलू शकत नाही, कारण प्रत्येक गोष्टीला सगळ्यांचा हात लागलेला असतो.

मी मान हलवली आणि कामाला लागले. सासूबाईंच्या गोळ्या आहेत, घर कंपनीचं आहे.

आमचे हे असलं कधी चालवून घेत नसत. ओतल्या जाणाऱ्या मालातूनच ठोकळा पाडायचे, आणि तो कुणी बदलू नये म्हणून ओल्या काँक्रीटच्या कोपऱ्यात उजव्या हाताचा अंगठा दाबायचे. लहानपणी दारात चेमटल्यामुळे त्या अंगठ्यावर तिरकी खूण होती, त्यामुळे ठसा ओळखू यायचा. कामावरचे लोक त्यांना अंगठेबहाद्दर म्हणत. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा असलेल्या माणसाला असं म्हणतात याचं त्यांना भारी हसू यायचं. रस्ता ओलांडताना माझा हात धरायचे आणि त्याच अंगठ्याने माझ्या हाताच्या पाठीवर दोनदा दाबायचे. म्हणजे, चल.

१९ ऑक्टोबर

आज हौदात एक ठोकळा जास्तीचा होता.

पाणी थंड होतं, पण हा कोमट लागला. वर तारीख नाही, खांबाचा नंबर नाही. मी तो उचलून उजेडात नेला. कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता आणि ठशात तिरकी खूण होती.

मी तो बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. मास्तर जेवायला गेले होते. मला भीती वाटली नाही हे खरं लिहिते. ह्यांनी कधीतरी पाडलेला असेल, तळाशी राहिला असेल असं वाटलं. ठशात माझा अंगठा ठेवून बघितला. आतून काहीतरी परत दाबल्यासारखं वाटलं. भास असणार.

परत हौदात ठेवला. घरी सांगितलं नाही. सासूबाई तशाच उठून हौदावर गेल्या असत्या.

२२ ऑक्टोबर

आज तसे तीन झाले. लपवणं शक्य नव्हतं. मास्तरांनी बघितले आणि खालीच बसले. मग उठून दार लावून घेतलं. एक ठोकळा उचलून मशीनमध्ये ठेवला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं.

दाब वाढवत गेले. काटा वर वर चढला. दाखवायचे ठोकळे फुटतात त्याच्याही वर गेला. ठोकळा फुटेना. एका फटीतून मात्र पाणी यायला लागलं. दाट आणि तांबूस. पाण्याबरोबर केस आले. मास्तर बोळ्याने पुसत होते आणि पुसता पुसता म्हणत होते की तो माझ्याकडेच बघत होता, मी काय करणार, तो माझ्याकडेच बघत होता.

कोण बघत होतं ते मी विचारलं. ते दचकले. मी तिथे आहे हे विसरले होते.

२३ ऑक्टोबर

आजचं जमेल तसं लिहिते.

सकाळी मास्तर पुन्हा तोच ठोकळा फोडायला लागले. तो मशीनमध्ये वाकडा झाला होता. सरळ करायला त्यांनी हात आत घातला. मशीन बंद होतं. मी स्वतः बटणाकडे उभी होते, बंद होतं. वरची प्लेट खाली आली. झपकन नाही. रोज येते त्याच गतीने, सावकाश. मास्तरांना हात काढायला वेळ होता, पण ते काढू शकत नव्हते. कोपऱ्यातल्या त्या ठशावर त्यांचा अंगठा चिकटला होता. ते ओढत होते, मी त्यांना कमरेला धरून ओढत होते. आधी नखं गेली. मग बोटं एकेक करून फुटली, आवाज वेगवेगळा आला. मनगटापर्यंत आल्यावर ते किंचाळायचे थांबले. प्लेट तरीही खालीच येत होती.

ठोकळ्यावर चरासुद्धा पडला नाही.

त्यांना दवाखान्यात नेलं. जीव वाचला आहे. पंजा मशीनमधून खरवडून काढावा लागला. तो मी काढला. दुसरं कुणी आत यायला तयार नव्हतं.

२४ ऑक्टोबर

मशीन धुताना खालच्या प्लेटच्या फटीत एक कपची सापडली. जुनी, सुकलेली. त्यावर अर्धा ठसा. तिरकी खूण. मशीनमध्ये फुटलेला असा ठोकळा एकच, पहिल्या दिवशीचा. ज्याच्यावर टाळ्या वाजल्या तो. ज्याचा चुरा धाकट्यांनी झाडून नेला तो.

तो ह्यांचा होता.

कपची पदरात बांधून घरी आणली आहे. ते माझ्या हातून ह्यांचा ठोकळा का फोडून घेतील? सासूबाईंनी विचारलं, जेवत का नाहीस. अपघाताचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मास्तरांना घरचा डबा नेऊन दे. मी नेला नाही.

२ नोव्हेंबर

आज पुलाचा शेवटचा स्लॅब ओतला. फोटोसाठी साहेब आले, नवे बूट घालून. रिवाजाप्रमाणे एका फावड्याच्या दांड्याला सगळ्यांनी हात लावला. मला बोलावलं होतं, मी लांब उभी राहिले. साहेबांचं घड्याळ मनगटावरून सुटून ओल्या काँक्रीटमध्ये पडलं. ते वाकले आणि हात घातला.

आधी ते हसत होते. म्हणाले, अरे धरलंय की. मग ओरडायला लागले. त्यांच्या हाताभोवतीचं काँक्रीट पांढरं पडत होतं, उन्हात कपडा वाळावा तसं. बाजूचं सगळं ओलंच होतं. मजुरांनी पहारी घातल्या, मग ब्रेकर लावला. साहेब शुद्धीत होते. त्यांना मधूनमधून पाणी पाजत होते. शेवटी हात सुटला तेव्हा तो मनगटाशीच संपत होता. तुटला नव्हता. चावून खाल्ल्यासारखा होता.

धाकटे माझ्याकडे बघत होते. थोरले घड्याळाच्या जागेकडे.

३ नोव्हेंबर

हौदात आता मोजता येणार नाहीत इतके ठोकळे आहेत. पाणी काठावरून सांडतंय. प्रत्येकावर ठसा. दोन ठोकळे वेगळे आहेत. एकाच्या बाजूतून बोटांची पेरं बाहेर आली आहेत. मास्तरांची अंगठी ओळखली. दुसऱ्यातून घड्याळाचा पट्टा.

कामावर कुणी येत नाही. मी येते. ह्यांना एकटं कसं सोडू?

७ नोव्हेंबर

काल धाकट्यांचा हात मोठ्या मिक्सरमध्ये गेला. खांद्यापासून. मिक्सर बंद होता, वायर काढलेली होती असं सगळे म्हणतात. आज त्यांनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. बायकोला आणि नर्सला बाहेर काढलं. जे सांगितलं ते तसंच लिहिते.

मार्चमध्ये तिसरा खांब ओतत होते. माल निम्मा रेतीचा होता. ह्यांनी त्याच मालातून ठोकळा पाडला, अंगठा दाबला आणि म्हणाले, हा मी वर घेऊन जातो, बघू पूल कसा पास होतो. आधी गोडीत समजावलं. मग चौघांनी मिळून केलं. रिवाज. एकाने एकटं काही करायचं नाही. प्रत्येकाने एकेक धरलं. मास्तरांनी डावा हात, साहेबांनी उजवा, धाकट्यांनी आणि थोरल्यांनी पाय. खांबाच्या साच्यात वरून टाकलं. हे जिवंत होते. माल पडत राहिला. छातीपर्यंत आल्यावर ह्यांनी ओरडणं सोडलं आणि हात वर करून साच्याच्या कडेला अंगठा दाबत राहिले. बुडेपर्यंत.

तो एक ठोकळा तेवढा उरला. त्यावर घण घातला, फुटेना. नदीत टाकला तर सकाळी हौदात. जाळला, पुरला. मग थोरल्यांना सुचलं. त्याच्या बायकोला आणा. तिला तो काही करणार नाही. म्हणून नोकरी, म्हणून घर, म्हणून वहिनी.

धाकटे रडत होते. म्हणाले, "तुमचा हात लागला आणि फुटला. आम्हाला वाटलं, सुटलो."

पाण्याच्या पेल्यापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, तो जवळ सरकवला. मग वाटलं का सरकवला. परत लांब ठेवला.

८ नोव्हेंबर

सासूबाईंना सांगितलं. सगळं नाही. खांबात आहेत एवढंच. माझ्या हाताचं सांगितलं नाही.

त्यांनी खिडकीवरची चादर काढली. म्हणाल्या, कितवा? तिसरा म्हटलं. कुठल्या बाजूने तिसरा ते मला माहीत नव्हतं. दोन्हीकडून वेगळा येतो. त्या दिवसभर एकदा या खांबाकडे, एकदा त्या खांबाकडे बघत बसल्या.

१० नोव्हेंबर

थोरले घरी आले. भर दुपारी, गाडी लांब ठेवून. उजवा हात पांढऱ्या कापडात गुंडाळून छातीशी धरला होता. अजून शाबूत आहे, म्हणून जपतायत. सासूबाई आत झोपल्या होत्या.

परवा वरून तपासणीचं पथक येणार आहे. हौदातला प्रत्येक ठोकळा ते बाहेर काढून बघणार, ठसे आणि बाहेर आलेली बोटं त्यांना दिसणार. त्याआधी हौद रिकामा व्हायला हवा, आणि माझ्याशिवाय ते कुणाच्या हातून फुटत नाहीत. त्यांनी धमकी दिली नाही. घर, पेन्शन वगैरेचं बोलून झालं. मग म्हणाले, खांब कोणता ते दाखवतो. उंचीसुद्धा. एक दिवस बंद ठेवून भोक पाडू, म्हातारीला जे निघेल ते देऊ. नाहीतर पूल पाडून ढिगारा भरावात घालतील, कोण शोधणार आहे?

मी म्हटलं, पथकालाच सगळं सांगते.

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "सांगा. पण पहिल्या दिवशी सगळ्यांत खाली तुमचाच हात होता, वहिनी. आमचे नुसते वर होते."

११ नोव्हेंबर

फोडले.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एकेक काढला, पुसला, मधोमध ठेवला. माझ्या हाताखाली लगेच फुटत होते. जोर लावावाच लागत नव्हता. प्रत्येक वेळी तो उसासा. काट्यावर बघितलं, काटा हलतच नव्हता. इतके कच्चे. त्या पुलावरून माणसं जाणार आहेत.

सासूबाईंसाठी केलं असं स्वतःला सांगत होते.

थोरले खुर्चीत बसून होते. शेवटचा फुटल्यावर खिशातून कागद काढून खांब दाखवला, गावाकडून तिसरा. मी विचारलं, भोक कधी पाडायचं. ते हसले. म्हणाले, उद्घाटन होऊ दे आधी.

चुऱ्यात नख सापडलं. अंगठ्याचं. तिरकं चिरलेलं. रुमालात बांधून आणलं.

सासूबाईंच्या हातात ठेवलं. त्यांनी ओळखलं. आता रडतील असं वाटलं. त्यांनी नख उलटंसुलटं केलं आणि विचारलं, हे फोडून कुणी काढलं?

मी सांगितलं.

माझं ताट त्यांनी आज वाढलं नाही.

१२ नोव्हेंबर

पथक येऊन गेलं. दाखवायचे ठोकळे. पास.

थोरले हौदात सापडले. हौद काल मी रिकामा केला होता. आज काठोकाठ काँक्रीट, वाळलेलं, गुळगुळीत. वर फक्त तोंड आणि उजवा हात. तोंडात काँक्रीट. डोळे फिरत होते. पथक शेजारून गेलं तेव्हा ते जिवंत होते, त्यांना ऐकू येत असणार. पथकाने तो हौद बघितलाच नाही. बघायचं नाही असं आधीच ठरलं होतं, म्हणजे थोरल्यांनी मला पथकाचं सांगितलं ते नुसतं निमित्त.

हात मुठीसारखा. मग उघडला. मग आतून कुणीतरी ओढल्यासारखा खाली — सावकाश — कोपर, मनगट, बोटं. काँक्रीट कडक होतं. तरी गेला. हाडं मोडताना ऐकली.

मी मदतीला हाक मारली नाही.

१३ नोव्हेंबर

चार झाले. चौघांनी धरलं होतं, चौघांचे गेले. संपलं.

सासूबाई म्हणतात, हात पाच होते. कुणी सांगितलं त्यांना? मी नाही. धाकटे बोलण्याच्या स्थितीत नाहीत.

पहिल्यांदा मला माहीत नव्हतं. ते ह्यांना कळेल. ह्यांना माझं सगळं कळायचं. पण दुसऱ्यांदा —

सकाळपासून हाताला वास येतोय. ओल्या सिमेंटचा. घासून घासून साल निघाली.

१४

नळाला पाणी नाही. राखाडी काहीतरी येतंय. घट्ट. मोरीतली बादली भरली. मी भरली नाही.

सासूबाई बादलीशेजारी पाट टाकून बसल्या आहेत. बोलतायत. ह्यांच्या लहानपणी बोलत असतील तसं, अरे सोन्या, किती उशीर —

रडतायत. पहिल्यांदा.

१४, दुपार

मला निघायला हवं. पिशवी भरली. पिशवीचे बंद बांधता येत नाहीत, उजवी बोटं वळत नाहीत. पांढरी पडलीत. टोकापासून —

दाराला कुलूप घातलंय. आतून. सासूबाईंच्या कमरेला किल्ली.

मी सांगितलं, आई, तुमच्यासाठी केलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे. मला माहीत आहे गं.

बादलीतून अंगठा वर आलाय. नख नाही.

सासूबाई म्हणाल्या, "हात मागतोय तो. दे."

डाव्या हाताने लिहिते. उजवा बादलीत आहे. मी घातला. कुणी ढकलला नाही.

कोमट आहे. दुखत नाही. हात धरलाय — ह्यांचाच, ओळखते, चार बोटं खालून आणि अंगठा वर, हाताच्या पाठीवर, रस्ता ओलांडताना धरायचे तसाच —

एकदा दाबलं. दोनदा.

चल म्हणतायत. रागावले नाहीत. मी म्हटलं, चला.

सोडत नाहीत. दाबतायत. अजून. काटा चढतो तसं, सावकाश — अहो पुरे — मी आहे, अहो मी —